छायाचित्रणातील जुने पितळी भिंग : पारख, निगा आणि वापर

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडमधील लॅकॉक ॲबी या आपल्या घराच्या जाळीदार खिडकीचे चिमुकले चित्र कागदावर उमटवले. चित्र नुकतेच तयार झाले तेव्हा खिडकीतील काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगाच्या मदतीने मोजता येत होते, अशी नोंदही त्यांनी करून ठेवली. पुढे मार्च १८३९ मध्ये अमेरिकी चित्रकार आणि संशोधक सॅम्युएल मोर्स पॅरिसमध्ये छायाचित्रणाचे फ्रेंच प्रवर्तक दागेर यांची चित्रे पाहून आले आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात लिहिले, की रस्त्यावरच्या पाटीवरील नुसत्या डोळ्यांनी न दिसणारी अक्षरे पन्नास पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून एकूण एक वाचता येत होती. म्हणजे छायाचित्रणाच्या अगदी पहिल्या दिवसांपासून हातातले भिंग त्याच्या सोबतीला आहे. कॅमेऱ्याच्या भिंगांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. छायाचित्रकाराच्या खिशातील या दुसऱ्या भिंगाकडे मात्र शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले जाते. त्यामुळे ते विकत घेणारे बहुतेक जण घरी आणताच त्याला घासूनपुसून लखलखीत करतात आणि त्यातले खरे मोलाचे तेवढे नेमके घालवून बसतात. असे भिंग पारखावे कसे, स्वच्छ कसे करावे आणि ज्या कामासाठी ते घडवले गेले त्या कामाला पुन्हा कसे लावावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

कोणते भिंग कशासाठी

यांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोकस करण्याचे भिंग. जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला घासलेली काच, म्हणजे ग्राउंड ग्लास, असते. तिच्यावर दृश्याची उलटी प्रतिमा पडते आणि छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन ती पाहतो. प्रतिमा खरोखर रेखीव झाली आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून काचेवर टेकवता येईल अशी दोन ते तीन इंच उंचीची पितळी नळी वापरली जाई. तिच्या वरच्या भागात भिंगे असतात आणि तो भाग आट्यांवर फिरवून वरखाली करता येतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे जे एतद्देशीय छायाचित्रकार पुढे आले, त्यांनाही याच पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर आणि याच घासलेल्या काचेवर काम करावे लागत होते.

दुसरा प्रकार घडीच्या चौकोनी भिंगाचा. तीन पत्रे बिजागरीने जोडलेले, खालच्या पत्र्याला बहुधा एक इंचाची चौकोनी खिडकी आणि वरच्या पत्र्यात भिंग, अशी त्याची रचना असते. मुळात ते कापडातील ताणा-बाणा मोजण्यासाठी निघाले. पण छायाचित्रापासून हाफटोन ब्लॉक, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत मोडून छापण्याचे ठसे, तयार होऊ लागल्यावर ठिपके तपासण्यासाठी ते ब्लॉकमेकरांच्या आणि छापखान्यांच्या टेबलावरही आले. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ज्या ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते, त्या धंद्यात याच्याविना पान हलत नसे. याखेरीज निगेटिव्हवर पेन्सिलीने दुरुस्ती करणाऱ्यांची स्टँडवरील भिंगे आणि छायाचित्रे पाहण्यासाठी १८६४ पासून इंग्लंडमध्ये निघालेली ग्राफोस्कोपची मोठी भिंगेही बाजारात दिसतात. पण या लेखाचा रोख मुख्यतः पहिल्या प्रकारावर आहे, कारण आजही कामात आणण्यासारखे तेच आहे.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

मुंबईचा चोरबाजार असो वा पुण्याचा जुना बाजार, पितळी भिंगांचे ढीग दिसतात आणि त्यांतील बहुसंख्य नवी असतात. मुरादाबादला पितळकामाची आणि रुरकीला मोजणीच्या उपकरणांची मोठी परंपरा आहे, आणि जुन्या धाटणीच्या शोभेच्या वस्तूही तेथून मोठ्या प्रमाणावर येतात. शोभेसाठी म्हणून घेतल्या तर त्यांत वाईट काहीच नाही. मात्र जुन्या वस्तूची किंमत देऊन नवी वस्तू घेऊ नये.

सर्वप्रथम अक्षरे पाहावीत. लंडनच्या एखाद्या नामवंत निर्मात्याचे नाव आणि त्याखाली ठसठशीत साल, तेही ॲसिडने खोल कोरलेले, असे दिसले की संशय घ्यावा. त्या काळची नावे हाताने कोरलेली असत. कोरणीच्या रेषेचा आरंभ बारीक, मध्य जाड आणि शेवट पुन्हा निमुळता असतो, आणि रेषेचा तळ तिरप्या प्रकाशात चमकतो. ॲसिडच्या अक्षरांचा तळ सपाट, काळपट आणि खडबडीत दिसतो. शिवाय फोकसच्या साध्या भिंगावर साल घालण्याचे निर्मात्याला काही कारणच नव्हते. नाव नसलेली पुष्कळ भिंगे अस्सल असतात. म्हणून नाव नाही एवढ्यावरून ती नाकारू नयेत.

मग आटे तपासावेत. वरची नळी पूर्ण उलगडून पुन्हा बसवावी. चांगल्या जुन्या कामात आटे बारीक असतात, पहिल्या वळणालाच धरतात आणि नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताणाने फिरते, मध्येच सैल किंवा घट्ट होत नाही. बोटांनी धरण्याच्या कडेवर उभ्या रेघांचे नर्लिंग असते. ते वर्षानुवर्षांच्या हाताळणीने जेथे बोटे पडतात तेथेच झिजलेले असावे. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती मुद्दाम आणलेली असू शकते. स्क्रू असतील तर त्यांची खाच पाहावी. अधिकच्या चिन्हासारखी फिलिप्स खाच १९३० च्या दशकात आली, त्यामुळे तसा स्क्रू असलेले भिंग व्हिक्टोरियन काळचे असेल तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा आहे.

काचेची परीक्षा याहून सोपी आणि अधिक खात्रीची आहे. भिंग खिडकीसमोर तिरपे धरून काचेवरील परावर्तने पाहावीत. जुन्या काचेवर कसलाही लेप नसल्यामुळे परावर्तन पांढरे दिसते. निळसर किंवा जांभळट झाक दिसली तर काचेवर परावर्तनरोधक लेप आहे. हे तंत्र १९३० च्या दशकाच्या मध्यात विकसित झाले आणि सर्रास वापरात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. नळी जुनी आणि काच नवी, असाही प्रकार आढळतो.

यानंतरची परीक्षा अनेक जण करत नाहीत आणि तेथेच फसतात. दुर्बिणीच्या आणि सूक्ष्मदर्शकाच्या सुट्या आयपीस, म्हणजे डोळा लावण्याच्या टोकाकडील भिंगांच्या नळ्या, ‘फोटोग्राफीचे भिंग’ म्हणून विकल्या जातात. फोकसच्या अनेक भिंगांची रचना रॅम्सडेन पद्धतीची असते. जेसी रॅम्सडेन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सांगितलेल्या या रचनेत दोन सपाट-बहिर्गोल भिंगांचे फुगीर भाग एकमेकांसमोर येतात आणि फोकसचे प्रतल खालच्या भिंगाच्या बाहेर पडते. म्हणून समोर ठेवलेली वस्तू तिच्यातून मोठी दिसते. जुन्या सूक्ष्मदर्शकांच्या बहुतेक आयपीस मात्र हायगेन्स पद्धतीच्या असतात. त्यांचे फोकसचे प्रतल दोन भिंगांच्या मध्ये, नळीच्या आत असते, त्यामुळे घासलेल्या काचेवर काहीही केले तरी त्या फोकस होणार नाहीत. दुकानातच छापील कागदावर भिंग टेकवून, मग थोडे उचलून पाहावे. कोणत्याही अंतरावर अक्षरे नीट दिसत नसतील तर ते भिंग आपल्या कामाचे नाही, मग ते कितीही जुने आणि सुबक असो.

शेवटी एक कायद्याची बाब. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मुलाला किंवा भावाला असे भिंग भेट म्हणून पाठवायचे असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करून आवश्यक तो दाखला घ्यावा.

काच स्वच्छ करणे

स्वच्छतेची सुरुवात काचेपासून करावी, कारण त्या वेळी पितळेला हात लागणारच असतो. टेबलावर पांढरे सुती कापड अंथरावे. वरची नळी उलगडावी आणि भिंग धरून ठेवणारी आट्यांची कडी सोडवावी. ती घट्ट असेल तर पक्कड मुळीच लावू नये. कडीच्या मापाचा रबराचा तुकडा तिच्यावर दाबून फिरवला की बहुधा ती सुटते. कडीला दोन खाचा असतील तर त्यांत बसणारे दोन टोकांचे हत्यार कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांकडे असते. तरीही कडी हलली नाही तर थांबावे, आणि काच बाहेरूनच स्वच्छ करून समाधान मानावे.

भिंग बाहेर काढण्यापूर्वी त्याच्या काठावर मऊ पेन्सिलीने एक रेघ ओढावी, कोणती बाजू वर होती याची खूण करावी आणि सुट्या भागांचे क्रमाने मोबाइलवर फोटो काढावेत. सपाट-बहिर्गोल भिंग उलटे बसले तर प्रतिमेच्या कडा विस्कटतात, आणि दोष काचेचा आहे असे वाटून माणूस नाहक निराश होतो.

धूळ आधी रबरी फुग्याने उडवावी, मग मऊ कुंचल्याने झटकावी. ओल्या कपड्याने थेट पुसले तर धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून लेन्स टिश्यू ओलसर करावा, मधून काठाकडे हलक्या हाताने फिरवावा, आणि कोरड्या टिश्यूने लगेच टिपून घ्यावे. एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचांचे भिंग असेल तर ते पाण्यात बुडवू नये. अशा काचांमधला थर कॅनडा बाल्समचा, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या पारदर्शक चिकट राळेचा, असतो. तो सुटू लागला की काठाशी इंद्रधनुषी कडी किंवा पिवळसर फांद्यांसारखी नक्षी दिसते. ते काम घरी करण्यासारखे नाही.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी हवेत, काचेचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ते लवकर पुसावेत. ती बराच काळ राहिली असेल तर तिच्यातील आम्लाने काच कोरली गेलेली असते आणि बुरशी निघाल्यावरही ठसे तसेच राहतात. रॅम्सडेन रचनेत फोकसचे प्रतल खालच्या भिंगाच्या अगदी जवळ असल्याने त्याच्यावरचा बारीकसा डागही प्रतिमेबरोबर मोठा होऊन दिसतो. म्हणून सगळी काळजी त्या खालच्या भिंगासाठी राखून ठेवावी.

पितळ : जेवढे कमी कराल तेवढे बरे

देवघरातील समई आणि छायाचित्रकाराचे भिंग यांचे पितळ एकच असले तरी त्यांची निगा एक नाही. समई उघड्या पितळेची असते, घासली की उजळते. जुन्या प्रकाशीय उपकरणांच्या पितळेवर मात्र लाखेच्या वार्निशाचा पातळ थर असतो. शुद्ध लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, तीत सोनेरी छटेसाठी हळद, केशर किंवा रंगीत राळ घालून, पितळ गरम असताना मऊ कुंचल्याने तो दिला जाई. भिंगावर दिसणारी मधासारखी उबदार झाक त्या थराची आहे. चिंच, लिंबू, भांडी घासण्याची पावडर किंवा पितळेचे पॉलिश लावले की तो थर जातो आणि पुन्हा तसा देता येत नाही. आम्लाने पितळेतील जस्त वरच्या थरातून निघून जाते आणि तांबूस डाग पडतात, हा आणखी एक तोटा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझरचा हातही भिंगाला लावू नये.

अमोनिया असलेल्या पॉलिशपासून तर कटाक्षाने दूर राहावे. ब्रिटिशांच्या काळात भारतातील लष्करी तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांची पितळी आवरणे पावसाळ्यात आपोआप तडकत असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिन्हींच्या संगनमताने ते होते, असे पुढे निष्पन्न झाले. भिंगाच्या नळ्याही ओढून घडवलेल्या पातळ पितळेच्याच असतात.

मग करावे काय? मऊ कुंचल्याने धूळ काढावी. डिस्टिल्ड पाण्यात किंचित भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने नळीवरून एकदाच फिरवून लगेच कोरडे करावे. खाचांमध्ये हिरवा कळंक असेल तर बांबूची काडी टोकदार करून, तिला शिवणयंत्राच्या तेलाचे बोट लावून, तो हळूहळू खरवडावा. सुई किंवा टाचणी वापरू नये. आट्यांमधील जुने वाळलेले ग्रीस याच काडीने आणि तेलाच्या बोळ्याने निघते. त्यानंतर आट्यांना नवे ग्रीस अगदी नावापुरते लावावे, कारण जास्त झाले तर ते उन्हाळ्यात वितळून काचेवर उतरते. सर्वांत शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने पुसून घ्यावा. जेथे लाख उडून पितळ काळवंडले आहे तो भाग तसाच ठेवावा. एकोणिसाव्या शतकात कोणाचा अंगठा कोठे पडत असे, हे त्या काळवंडलेल्या जागेवरून कळते, आणि माझ्या लेखी ती खूण कोणत्याही चकाकीपेक्षा मोलाची आहे.

भिंग चामड्याच्या जुन्या डबीत ठेवू नये. चामड्यातील चरबीतली आम्ले तांब्याशी संयोग पावून हिरवा मेणचट थर तयार करतात. डबी जपावी, पण वेगळी ठेवावी. भिंग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे आणि आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. टेबलावर मांडायचेच असेल तर उन्हाच्या कवडशात कधीही ठेवू नये. खिडकीत विसरलेल्या भिंगाने कागद पेटतो.

भिंगाची शक्ती मोजणे

भिंग किती पट मोठे दाखवते हे वापरण्यापूर्वी माहीत असावे. आलेख कागदावर भिंग टेकवून एका डोळ्याने त्यातून पाहावे आणि दुसऱ्या डोळ्याने, २५ सेंटिमीटर अंतरावर धरलेली पट्टी पाहावी. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आल्या की भिंगातील एक मिलिमीटर पट्टीवरील किती मिलिमीटरांएवढा दिसतो ते वाचावे, तीच शक्ती. घासलेल्या काचेसाठी चार ते आठ पट पुरेसे असते. त्याहून जास्त झाले तर प्रतिमेऐवजी काचेचे कणच मोठे दिसू लागतात.

घासलेल्या काचेवर फोकस

कॅमेऱ्यातील काचेची घासलेली बाजू आत, कॅमेऱ्याच्या भिंगाकडे असते. आपले पितळी भिंग मात्र बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर टेकते, म्हणजे त्याला सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या काचेच्या पलीकडे पाहायचे असते. म्हणून ते त्या विशिष्ट काचेसाठी आधी जुळवून घ्यावे लागते, आणि ही पायरी गाळली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

जुळवणी अशी करावी. काचेच्या घासलेल्या बाजूवर, मध्यभागी, टोकदार पेन्सिलीने बारीक फुली मारावी. कॅमेरा उजेडाकडे वळवून प्रतिमा मुद्दाम पूर्ण अस्पष्ट करावी, म्हणजे डोळा तिच्याकडे ओढला जाणार नाही. चष्मा असेल तर काम करताना जो लावणार तोच लावावा. क्षणभर दूर पाहून डोळा सैल करावा, वरची नळी पुरती बाहेर काढावी, आणि भिंगात पाहत ती हळूहळू आत फिरवत न्यावी. फुली पहिल्यांदा जेथे रेखीव होईल तेथेच थांबावे. त्यापुढे आत नेले तरी फुली स्पष्टच दिसत राहते, पण ती आपला डोळा ताण घेऊन दाखवत असतो, आणि ताणलेला डोळा काही वेळाने थकून फसवतो. थांबलेल्या जागी कुलूप-कडी असेल तर ती आवळावी; नसेल तर दोन्ही नळ्यांवर कागदी चिकटपट्टीची आडवी खूण ठेवावी.

आता कॅमेऱ्याचे भिंग पूर्ण उघडे ठेवून फोकस करावे. काळ्या कापडाच्या आत डोळे अंधाराला सरावू द्यावेत. काचेवर अशी जागा शोधावी जेथे उजेड आणि अंधार यांची सीमा तीक्ष्ण आहे, जसे खिडकीचे गज, छपाईची अक्षरे किंवा माणसाच्या डोळ्यातील प्रकाशबिंदू. पितळी भिंग तेथे टेकवून रॅक, म्हणजे फोकससाठी कॅमेरा पुढेमागे सरकवणारी दातेरी पट्टी, एका दिशेने, प्रतिमा किंचित विस्कटेपर्यंत फिरवावा, मग उलट दिशेने तेवढीच विस्कटेपर्यंत न्यावा, आणि या दोन जागांच्या बरोबर मध्ये आणावा. रेखीव जागा थेट शोधण्यापेक्षा दोन अस्पष्ट जागांचा मध्य शोधणे डोळ्याला सोपे जाते. कोपऱ्यांत प्रतिमा अंधूक वाटते, कारण तेथे किरण तिरपे येतात. नळी किंचित कलती करून तिचा रोख कॅमेऱ्याच्या भिंगाकडे ठेवला की उजेड वाढतो.

प्रकाश फार कमी असेल किंवा काच भरड असेल तर मध्यभागी पारदर्शक खिडकी करण्याची जुनी युक्ती आहे. घासलेल्या बाजूवरील फुलीवर कॅनडा बाल्समचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाची पातळ कव्हर-काच चिकटवली की तेवढा भाग साध्या काचेसारखा पारदर्शक होतो, आणि तेथे प्रतिमा हवेत तरंगल्यासारखी, कणांविना दिसते. येथे नुसत्या स्पष्टतेवर विसंबता येत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. म्हणून डोके डावीकडे-उजवीकडे किंचित हलवावे. प्रतिमा फुलीवरून सरकत असेल तर फोकस चुकलेला आहे. दोन्ही एकत्र हलत असतील तर प्रतिमा फुलीच्याच प्रतलात आहे. मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

यानंतर ज्या छिद्रावर (ॲपर्चरवर) छायाचित्र घ्यायचे त्यावर कॅमेऱ्याचे भिंग आणून फोकस पुन्हा एकदा तपासावा. पेट्झव्हाल यांच्या १८४० च्या रचनेची पोर्ट्रेट भिंगे आणि तशा इतर जुन्या भिंगांमध्ये छिद्र लहान केल्यावर फोकस थोडा सरकू शकतो.

ओल्या कलोडियनच्या प्लेटवर, म्हणजे कलोडियनचा थर देऊन ओली असतानाच वापरायच्या काचेवर, काम करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. ही प्लेट निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश तेवढा ओळखते, तर आपला डोळा फोकस करतो पिवळ्या-हिरव्या प्रकाशात. रंगदोष पुरता न काढलेल्या जुन्या भिंगांत या दोन प्रकाशांचे फोकस वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे पितळी भिंगातून उत्तम दिसलेली प्रतिमा प्लेटवर अस्पष्ट येते. लंडनमध्ये काम करणारे फ्रेंच छायाचित्रकार अँत्वान क्लोदे यांनी १८४० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला आणि वेगवेगळ्या अंतरांवर क्रमांकाच्या पट्ट्या लावलेले एक साधन त्यासाठी वापरले. घरी तेच करता येते. सात छापील कार्डे क्रमांक घालून, एकामागे एक पण एकमेकांआड येणार नाहीत अशी, दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर उभी करावीत. मधल्या कार्डावर पितळी भिंगाने फोकस करावा आणि प्लेट घ्यावी. प्लेटवर कॅमेऱ्याच्या जवळचे कार्ड जास्त रेखीव आले तर प्लेट कॅमेऱ्याच्या भिंगाकडे थोडी सरकवावी लागेल. दूरचे कार्ड रेखीव आले तर ती मागे न्यावी लागेल. मधले कार्ड रेखीव येईपर्यंत प्रयोग करून तेवढ्या सरकवण्याची खूण कॅमेऱ्याच्या पट्टीवर करावी. विषयाचे अंतर बदलले की हा फरकही बदलतो, म्हणून जवळच्या पोर्ट्रेटसाठी आणि दूरच्या दृश्यासाठी अशा दोन खुणा वेगवेगळ्या ठेवाव्यात.